एका दिवसाची भाऊबीज



फराळाचे डबे भरून होतात न होतात तोच अनेक घरांत एक बोलणे निघते : यंदा भाऊबीजेला जायचे कसे? जिच्याकडे जायचे ती बहीण ऐंशीच्या पुढे गेलेली असते, ओवाळून घेणाऱ्या भावाने पंचाहत्तरी ओलांडलेली असते आणि दोघांच्या मध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता असतो. गाडी चालवणाऱ्या मुलाला वा सुनेला सुट्टी एकाच दिवसाची मिळते. मग बेत ठरतो. पहाटे निघायचे, आत्यांकडे ओवाळणी उरकायची, तिथून मामींकडे डोकवायचे, त्याच गावात बाबांचे शाळासोबती आहेत त्यांना भेटायचे आणि परतताना वाटेवरच्या चुलतबहिणीलाही वाईट वाटू द्यायचे नाही. एका दिवसात चार-पाच घरे होतात, प्रत्येक घरी फराळाची थाळी पुढे येते आणि घरी परतायला रात्रीचे दहा वाजतात. दुसऱ्या दिवशी बाबांचे पाय सुजलेले असतात, साखर वाढलेली असते आणि 'बहिणीशी काय बोललात?' असे विचारले, तर त्यांना धड आठवत नाही. कारण बोलणे झालेलेच नसते.

या अंकात या एका दिवसाविषयी आपल्याशी बोलायचे आहे. सांगायची गोष्ट एकच आहे : हा दिवस त्यातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या मापाने बेतावा. घरे कमी करावीत आणि त्या घरांतला वेळ वाढवावा. ऐंशीच्या आसपासची दोन भावंडे वर्षातून एकदाच भेटत असतील, तर त्यांच्या वाट्याला आणखी किती भाऊबिजा आहेत हे कोणी सांगू शकत नाही. ती भेट धावपळीत वाया घालवणे कोणालाच परवडणारे नाही.

कार्तिक शुद्ध द्वितीयेला आपण यमद्वितीयाही म्हणतो. या दिवशी यम आपली बहीण यमुना हिच्या घरी जाऊन जेवला, अशी कथा आहे. ज्याला क्षणाची उसंत नसते असे आपण मानतो, तोही त्या दिवशी बहिणीच्या घरी पाटावर स्वस्थ बसला. आपल्याला त्याहून अधिक घाई असण्याचे कारण नाही.

बोलण्याच्या सोयीसाठी एक उदाहरण धरू. भाऊ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, राहणार पुण्यात. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही सोबतीला. बहीण ब्याऐंशी वर्षांच्या, राहणार साताऱ्यात, मुलगा आणि सुनेकडे. अंतर सुमारे एकशे दहा किलोमीटर. साताऱ्यातच भावाचे एक जुने मित्र आहेत. आपले गाव वेगळे असेल, पण हिशेब फारसा निराळा होणार नाही.

निघण्यापूर्वी

तयारी आदल्या दिवशी नव्हे, दोन आठवडे आधी सुरू व्हावी. फ्लूची लस घ्यायची असेल, तर तिचे संरक्षण मिळायला साधारण दोन आठवडे लागतात. ती दिवाळीपूर्वीच घेतलेली बरी. दोन्ही घरच्या औषधांचा साठा पुरेसा आहे ना, हेही याच वेळी पाहावे. सणाच्या दिवसांत नेहमीचे औषधाचे दुकान बंद असू शकते.

एक फोन मात्र जरूर करावा आणि त्यात तीन गोष्टी सरळ विचाराव्यात. घरात कोणाला सर्दी-खोकला आहे का? उंच बैठकीचे संडास, म्हणजे कमोड आहे का? आणि दुपारी तासभर आडवे व्हायला जागा मिळेल का? हे विचारण्यात संकोच वाटतो, पण न विचारल्याचा त्रास त्याहून मोठा असतो. कोणाकडेही ताप-खोकला असेल, मग तो जाणाऱ्याकडे असो वा यजमानांकडे, तर भेट आठवडाभर पुढे ढकलावी. तरुणांना जी साधी सर्दी वाटते, तिने ब्याऐंशी वर्षांच्या फुप्फुसांना न्यूमोनियापर्यंत नेलेले डॉक्टर नेहमी पाहतात. ओवाळणी त्यानंतरच्या रविवारी झाली म्हणून नाते काही उणे होत नाही.

त्याच फोनवर बहिणीला आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी. काही घरांत भावाला ओवाळल्याखेरीज अन्न घ्यायचे नाही, असा नेम असतो. बहीण सकाळची मधुमेहाची गोळी घेते आणि उपाशीपोटी वाट पाहत बसते. भाऊ मात्र खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर वाहनांच्या रांगेत अडकलेला असतो. साखर एकदम उतरण्याची ही हमखास वाट आहे. भावाने स्वतः सांगावे, "ताई, तू नाश्ता केलास असे कळल्यावरच मी घरून निघेन." सुनेने सांगितलेले कदाचित मानले जाणार नाही, पण धाकट्या भावाचा हट्ट मोडवत नाही.

वाटेवर

ज्येष्ठांच्या प्रवासात सर्वांत जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे पाणी तोडणे. वाटेत लघवीची सोय कशी असेल, या धास्तीने आजी-आजोबा पहाटेपासून घोटभरही पाणी घेत नाहीत. वयाबरोबर तहानेची जाणीव आधीच मंद झालेली असते. पाणी कमी पडले, की उभे राहताना चक्कर येते, बोलण्यात गोंधळ होतो, बद्धकोष्ठ वाढते आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला वाव मिळतो. तेव्हा पाणी तोडण्याऐवजी थांबे वाढवावेत. पुण्याहून निघाल्यावर तासाभराने शिरवळच्या आसपास एकदा थांबावे आणि स्वच्छतागृह बरे असलेले ठिकाण आधीच हेरून ठेवावे. खंबाटकी घाट लागण्यापूर्वीच ही विश्रांती झालेली चांगली, कारण सुट्टीच्या दिवशी घाटात वाहने अडकली, तर मध्येच उतरण्याची सोय नसते. ज्यांना लघवी धरवत नाही, त्यांनी त्या दिवसापुरते शोषक पॅड वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

हृदयविकार वा पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती परस्पर टाळली जाते. हे धोक्याचे आहे. त्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. बहुतेकदा वेळेत थोडा बदल करून मार्ग निघतो.

एकाच जागी पाय लोंबते ठेवून बसल्याने पोटऱ्यांतील रक्तप्रवाह मंदावतो. चार तासांहून अधिक वेळ हालचालीविना प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटले आहे. मूळ धोका लहानच असतो, पण वय, लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचा उपचार यांनी तो वाढतो. साताऱ्याचा एकेरी प्रवास इतका लांबत नाही. तरीही दर तासा-दीड तासाने पाच मिनिटे उतरून चालावे आणि गाडीत बसल्या बसल्या पावले टाचेवर व चवड्यावर आलटून पालटून दाबत राहावे. ज्येष्ठांना पुढच्या आसनावर बसवावे. तेथे पाय पसरता येतात आणि चढणे-उतरणेही सोपे जाते. पट्टा लावणे त्यांनाही तितकेच आवश्यक आहे.

औषधांची पिशवी डिकीत न टाकता हाताशी ठेवावी. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवल्यास निकामी होऊ शकते. ते कापडात गुंडाळून, बर्फाला थेट न लावता, थंड पिशवीत न्यावे. एका कागदावर चालू औषधांची नावे व मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, डॉक्टरांचा आणि घरच्या दोन माणसांचा दूरध्वनी क्रमांक लिहून तो खिशात ठेवावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते ठळक अक्षरांत लिहावे. अशा माणसाला पडून डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात नेऊन तपासून घ्यावे.

एस.टी.ने जाणाऱ्यांसाठी एक आठवण : ऑगस्ट २०२२ पासून राज्यातील पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे, तर पासष्ट ते पंचाहत्तर या वयोगटाला निम्म्या भाड्याची सवलत आहे. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. स्वारगेटहून साताऱ्याला गाड्या पुष्कळ असतात. तरीही भाऊबीजेच्या दिवशी उभ्याने प्रवास करावा लागू नये म्हणून जागा आधी आरक्षित करावी.

पाट, निरांजन आणि फराळ

घरी पोहोचताच लगेच पाटावर बसवू नये. पंधरा मिनिटे खुर्चीत टेकू द्यावे, पाणी द्यावे, हात-पाय धुऊ द्यावेत. मग ओवाळणी. गुडघे साथ देत नसतील, तर भावाने खुर्चीवर बसावे आणि पाट पायांखाली घ्यावा; रांगोळी पाटाभोवतीच राहते. बहिणीलाही उभे राहून ओवाळणे जड जात असेल, तर तिने समोरच्या खुर्चीत बसून ओवाळावे. हात कापत असतील, तर सून वा नात ताम्हणाला खालून आधार देईल. निरांजनाची ज्योत आणि सुटलेला पदर यांच्याकडे एका माणसाने लक्ष ठेवावे.

नमस्काराच्या वेळी ज्येष्ठांनी ज्येष्ठांपुढे वाकू नये. वाकून एकदम उठल्याने रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो. बसलेल्या वा आडव्या स्थितीतून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब वीस अंकांनी किंवा अधिक उतरला, तर डॉक्टर त्याला दोष मानतात, आणि ज्येष्ठांच्या पडण्यामागे हे कारण अनेकदा सापडते. म्हणून बिछान्यावरून उठतानाही आधी काठावर मिनिटभर बसावे आणि मगच पाय टेकून उभे राहावे. जेवणानंतर तास-दोन तास रक्तदाब आणखी खाली जाण्याची प्रवृत्ती असते. भरपेट जेवून लगेच दुसऱ्या घरी निघणे याच कारणाने टाळावे.

फराळाविषयी वैद्यकीय उपदेश सर्वांना पाठ आहे, म्हणून फक्त तीन गोष्टी सांगतो. पहिली : फराळ हे जेवणच आहे, असे धरून चालावे. एक बेसनाचा लाडू, एक करंजी आणि वाटीभर चिवडा खाल्ला, तर त्या वेळच्या जेवणातील पोळी-भात तेवढ्या मापाने कमी करावा. दुसरी : कवळी बसवलेल्यांनी आणि ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांनी चकली, कडक शंकरपाळी व चिवड्यातले शेंगदाणे खाताना बोलू नये, सरळ बसून सावकाश खावे. गप्पांच्या ओघात घास श्वासनलिकेकडे जातो. तिसरी यजमानांसाठी : 'एवढा एक तरी घ्याच' हा आग्रह या वयात प्रेमाचा राहत नाही. पाहुण्यांच्या हाती छोटा डबा बांधून द्यावा. त्यांचे मन राहते, आपलेही राहते आणि लाडू चार दिवसांत चार वेळा खाल्ला जातो.

हात थरथरणे, घाम फुटणे, एकाएकी चिडचिड वा गोंधळ होणे ही साखर उतरल्याची चिन्हे आहेत. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, नंतर काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणखी एक सावधगिरी : 'प्रवासाचा शीण आहे' हे वाक्य पुष्कळ काही झाकून टाकते. मधुमेही व वृद्ध माणसांत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. अचानक धाप, गार घाम आणि गळून गेल्यासारखे वाटणे, एवढेच दिसते. तोंड एका बाजूला ओढणे, एक हात लुळा पडणे, जीभ अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. या प्रसंगी 'थोडे पडू द्या, बरे वाटेल' असे म्हणू नये. तेथे एकेक मिनिट मोलाचे असते.

बोलणे आणि ऐकणे

आता ज्यासाठी एवढा प्रवास केला त्या गोष्टीकडे वळू. म्हातारपणी कान आधी उंच पट्टीचे आवाज गमावतात. म्हणून मुलांचे आणि स्त्रियांचे बोलणे नीट कळत नाही. दिवाणखान्यात दहा माणसे, दूरदर्शन चालू, आत मिक्सर, बाहेर फटाके, अशा स्थितीत श्रवणयंत्र सारेच आवाज मोठे करते आणि बिचारी आत्या हसून मान हलवत राहते. तिला काहीही कळलेले नसते.

यावर उपाय अगदी साधा आहे. ओवाळणी आणि जेवण झाल्यावर त्या दोन भावंडांना तासभर एका शांत खोलीत बसू द्यावे. समोरासमोर खुर्च्या ठेवाव्यात आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असे पाहावे. ओरडू नये, जरा खालच्या पट्टीत, सावकाश, वाक्य संपवून बोलावे. नातवंडांनी एकेकट्याने आत जाऊन दहा-दहा मिनिटे बसावे. जुना छायाचित्रसंग्रह सोबत नेल्यास बोलण्याला धागा मिळतो.

आत्यांना स्मृतिभ्रंश असेल, तर एक गोष्ट कटाक्षाने टाळावी : 'ओळखलेस का मला? सांग बरे मी कोण?' ही परीक्षा घेऊ नये. नापास झालेल्या माणसाचा चेहरा कसा उतरतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना अधिक सांगायला नको. जवळ जाऊन, हात हातात घेऊन आपणच सांगावे, "मी तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा, पुण्याहून आलो. दिवाळीला भेटायला आलो." त्यांनी गेलेल्या माणसाविषयी 'ते कधी येणार?' असे विचारले, तर 'ते केव्हाच गेले' असे सांगून दुःख नव्याने देण्याऐवजी त्या माणसाची एखादी आठवण काढावी. नाव विसरले, तरी आपल्याजवळ कोणी आपुलकीने बसले होते ही भावना बराच वेळ टिकून राहते.

एकटेपणाचा हृदयविकार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी असलेला संबंध आता वैद्यकशास्त्रही गांभीर्याने घेते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये सामाजिक संबंध या विषयासाठी स्वतंत्र आयोगच नेमला. म्हणून तो शांत खोलीतला तास हा फुरसतीचा भाग समजू नये. दिवसाच्या बेतात तो औषधाच्या वेळेइतकाच पक्का लिहून ठेवावा.

पाहावे, पण तपासनीस होऊ नये

रोज सोबत राहणाऱ्यांना हळूहळू होणारा बदल दिसत नाही. वर्षाने भेटणाऱ्याला तो पहिल्या पाच मिनिटांत दिसतो. आपल्या भेटीचा हा मोठा उपयोग आहे आणि तो दवडू नये.

पाहण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. पोलके वा सदरा सैल झाला आहे का? खाण्यावर कोणतेही मुद्दाम बंधन नसताना सहा ते बारा महिन्यांत पाच टक्के वजन घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो का? चालताना भिंतीचा वा फर्निचरचा आधार घेतला जातो का? पावलांवर सूज, अंगावर न सांगितलेले काळे-निळे डाग आहेत का? तासाभरात एकच प्रश्न चौथ्यांदा विचारला गेला का? ज्येष्ठ एकटे राहत असतील, तर आणखी थोडे : फ्रिजमध्ये खराब झालेले अन्न, न उघडलेली वीजबिले, एकाच औषधाच्या दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या, मुदत संपलेल्या गोळ्या, न्हाणीघरातली ओली गुळगुळीत फरशी.

हे सारे पाहिल्यावर बोलायचे कसे, ही खरी कसोटी असते. सर्वांसमक्ष 'आत्या, किती वाळलीस!' असे म्हणणे किंवा तिच्या देखत सुनेला 'हिच्याकडे जरा लक्ष दे' असे सुनावणे, या दोन्हींनी कोणाचेही भले होत नाही. पहिल्याने आत्याचा अभिमान दुखावतो; दुसऱ्याने त्या घरात वर्षभर राबणारे माणूस दुखावते. वेळ पाहून, बाजूला नेऊन, प्रश्नाच्या रूपात बोलावे : "जेवण पूर्वीसारखे जाते का?" "रात्री उठताना कोणाला हाक मारता?" "पुढच्या वेळी मी येईन तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?" सल्ल्यापेक्षा असा एखादा प्रश्न आणि त्याला जोडून स्वतः उचललेले एक काम अधिक उपयोगी पडते.

ज्यांना कोणी ओवाळत नाही

भाऊबीजेच्या दिवशी त्या घरात सर्वांत थकलेले माणूस कदाचित ब्याऐंशी वर्षांच्या आत्या नसतील. ती त्यांची सून असेल, किंवा साठीला आलेला त्यांचा मुलगा असेल. आत्यांना रात्री दोनदा न्हाणीघरात नेणे, गोळ्या देणे, तेच ते प्रश्न ऐकणे हे वर्षभर चालू असते; आज त्यात पाहुण्यांचा स्वयंपाक वाढला. पाहुणे येतात, दोन तास आत्यांशी गोड बोलतात, 'यांना केळे देत जा', 'रोज थोडे चालवत जा' असे सांगून निघून जातात. आत्याही पाहुण्यांपुढे खुलतात, हसतात. मग लोक म्हणतात, 'छान तर आहेत की!' वर्षभराचे कष्ट त्या एका वाक्याने पुसले जातात.

सेवा करणाऱ्याला या दिवशी काय द्यावे, याचे उत्तर वेळ हे आहे. जेवणाचा मुख्य पदार्थ आपण पुण्याहून करून न्यावा. जेवणानंतर सांगावे, "वहिनी, आता दोन-अडीच तास आत्यांजवळ आम्ही आहोत. गोळ्या कुठे आहेत आणि कोणत्या वेळी द्यायच्या, ते दाखवून ठेवा. तुम्ही झोपा, किंवा तुमच्या भावाला ओवाळून या." तिलाही भाऊबीज आहे, हे बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. सासूबाईंना एकटे टाकून जाता येत नाही म्हणून कित्येक वर्षे माहेरची भाऊबीज हुकलेल्या सुना आपल्या आसपास आहेत. आपल्या एका भेटीने त्यांची ओवाळणी झाली, तर त्या घरची पुढची कित्येक दिवसांची सेवा हलकी होते.

ज्या घरांत काळजी घेणारे कोणीच नाही किंवा ज्येष्ठांची हेळसांड होताना दिसते, तेथे १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक उपयोगी पडतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ लावून यावा.

परतीचा रस्ता

आपल्या उदाहरणातला दिवस असा मांडता येईल : नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या घेऊन साडेसातला निघणे; वाटेत एक थांबा; साडेदहाच्या सुमारास साताऱ्यात; अकराला ओवाळणी; साडेबाराला, म्हणजे रोजच्या वेळेला जेवण; थोडी वामकुक्षी; त्यानंतर भावंडांचा तो शांत तास. तीनच्या सुमारास मित्राच्या घरी, तेथे केवळ चहा, फराळ नाही, हे आधीच कळवलेले. चारला परत. सहाच्या सुमारास अंधार पडण्यापूर्वी घाट मागे पडतो. मोतीबिंदू असणाऱ्याला समोरच्या दिव्यांचा त्रास होत नाही, चालवणाराही फार थकलेला नसतो आणि फटाक्यांचा धूर दाटण्याआधी दम्याचा माणूस घरात असतो. दोन घरे झाली. उरलेल्या तीन घरांना दूरध्वनी करावा आणि पौषात तिळगूळ द्यायला येऊ असे सांगावे. सण आपल्याकडे पुष्कळ आहेत. सारी नाती एकाच दिवसावर लादण्याची गरज नाही.

मित्राच्या घरची ती पाऊण तासाची भेट कमी लेखू नये. या वयात बालमित्र एकेक करून गळत असतात. 'अरे-तुरे' म्हणणारा आता एकच उरला आहे, असे अनेक वृद्धांच्या बाबतीत खरे असते. तेथे मुला-सुनांनी गाडीत बसून घड्याळ पाहू नये. एखादे काम काढून चक्कर मारून यावे आणि त्या दोघांना त्यांच्या काळात राहू द्यावे.

पाहुणे गेले, की घर एकाएकी रिकामे होते. आत्या दारात उभ्या राहून हात हलवतात, मग आत येतात, खुर्च्या पूर्वीच्या जागी गेलेल्या असतात. ही संध्याकाळ ज्येष्ठांना जड जाते. म्हणून निघताना पुढच्या भेटीचा दिवस ठरवून, तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्यांच्यासमोर लिहून ठेवावा. घरी पोहोचल्यावर त्याच रात्री एक फोन करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक. पहिला सुखरूप पोहोचल्याचा. दुसऱ्यात भावाने बहिणीला विचारावे, "झोप लागली का ग?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

आपल्याकडे या दिवसाची दुसरी एखादी सोयीची रीत असेल, तर आम्हाला पत्राने अवश्य कळवा. दिवाळी सर्वांना आरोग्याची जावो.